विक्री दुप्पट, नफा जागेवर: बोझोऊच्या एका छोट्या औषधी कंपनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

चीनच्या आन्हुई प्रांतातील बोझोऊ हे शहर काष्ठौषधींच्या व्यापाराचे त्या देशातील सर्वांत मोठे केंद्र मानले जाते. आनग्वो, युझोऊ आणि झांगशू या तीन गावांसह त्याची गणना परंपरेने चार ‘औषध-राजधान्यां’मध्ये होते आणि प्राचीन काळातील ख्यातनाम वैद्य हुआ तुओ याचेही हेच गाव. शहराभोवतीच्या शेतांत शेवंती आणि पांढऱ्या मुळांचे पिओनी हे फुलझाड मोठ्या प्रमाणावर पिकते. पिओनीच्या या मुळाला चिनी वैद्यकात ‘बाईशाओ’ म्हणतात आणि असंख्य काढ्यांमध्ये ते पडते.

प्रस्तुत प्रकरणातील कंपनी ‘यिनप्येन’ तयार करते. काष्ठौषधी निवडून, धुऊन, मुरवून, कापून, गरजेप्रमाणे भाजून किंवा मद्याचा संस्कार करून काढ्यासाठी जे तयार काप केले जातात, त्यांना यिनप्येन म्हणतात. ओळख पटू नये म्हणून कंपनीचे व माणसांचे नाव दिलेले नाही आणि आकडे गोल केले आहेत.

कंपनी २००५ साली बाजारातल्या एका अडत्याने सुरू केली. १ जानेवारी २००८ पासून काप तयार करणाऱ्या प्रत्येक कारखान्याला उत्तम उत्पादन पद्धतीचे नियम पाळणे सक्तीचे झाले आणि घरच्या अंगणात काप करून विकण्याचा जुना मार्ग बंद झाला. या अडत्याने जवळची सगळी पुंजी घालून त्याआधीच प्रमाणपत्र मिळवले होते. २०१६ मध्ये त्यांनी कारभार मुलीच्या, म्हणजे आताच्या संचालिकाबाईंच्या, हाती दिला. त्या वेळी कंपनीत ४६ माणसे होती, सुमारे ६० प्रकारचे काप तयार होत होते, वर्षाची विक्री १ कोटी ८० लाख युआन होती आणि निव्वळ नफा १४ लाख युआन होता.

कारखान्यातील सर्वांत जुने माणूस म्हणजे काप करणारे उस्ताद. सगळे त्यांना ‘शिफू’ म्हणतात. ते झांगशूच्या पद्धतीत शिकलेले आहेत. एका सुपारीचे १०८ काप करावेत आणि बाईशाओचा काप इतका पातळ असावा की फुंकर मारताच आभाळात उडावा, असे त्या परंपरेत सांगितले जाते. शिफू आजही नव्या मुलाला शिकवताना काप तळहातावर ठेवून फुंकर मारतात. त्यांचा दुसरा धडा पाण्याचा आहे: कमी भिजवा, जास्त मुरवा. मूळ पाण्यात फार वेळ राहिले तर त्याचे सत्त्व पाण्यात उतरते. ओल्या कापडाखाली झाकून ठेवले तर तेच मूळ आतपर्यंत मऊ होते आणि सत्त्वही टिकते. ही गोष्ट येथे नोंदवण्याचे कारण असे की, पुढे कंपनीच्या नफ्यातोट्याचा मोठा भाग या माणसाला कुठे विचारले गेले आणि कुठे नाही, यावर ठरला.

वाढीची वर्षे

२०१७ हे वर्ष कंपनीच्या दृष्टीने दोन अर्थांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी चीनमधील सरकारी रुग्णालयांनी औषधांवर वाढीव किंमत लावणे बंद केले. यिनप्येनना मात्र यातून वगळण्यात आले आणि त्यांवर २५ टक्क्यांपर्यंत वाढ लावण्याची रुग्णालयांची मुभा कायम राहिली. साहजिकच रुग्णालयांच्या औषधविभागांना काढ्याच्या कापांमध्ये अधिक रस वाटू लागला. त्याच वर्षी १ जुलैपासून पारंपरिक चिनी वैद्यकाचा स्वतंत्र कायदा लागू झाला. त्यामुळे या वैद्यकाचे छोटे दवाखाने सुरू करण्यासाठी परवान्याऐवजी नोंदणी पुरेशी झाली. या दोन बदलांपैकी संचालिकाबाईंनी पहिल्याकडे लक्ष दिले. दुसऱ्याचे महत्त्व त्यांना सात वर्षांनी कळले.

रुग्णालयांची मागणी एकच होती: सगळे काप एकाच पुरवठादाराकडून हवेत. औषधविभागात तीन-चारशे प्रकारचे काप लागतात आणि प्रत्येकासाठी वेगळा विक्रेता सांभाळणे त्यांना नको असते. या टप्प्यावर कंपनीने ही मागणी पूर्ण करण्याचा पहिला मोठा निर्णय घेतला, तोही फारशी चर्चा न होता. २०१७ ते २०२२ या काळात रुग्णालयांची संख्या चारावरून अकरावर गेली, प्रकार ६० वरून ३८० झाले, कामगार ८८ झाले आणि विक्री ४ कोटी १० लाख युआनवर पोहोचली. नफा मात्र ११ लाखांवर आला.

अडचण कुठे होती

पारंपरिक औषधांच्या छोट्या कंपन्या कशावर तरतात, असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात: जुना नुस्खा, नाव, संशोधन, सरकारी धोरण. यांपैकी काहीही खोटे नाही. तथापि काप तयार करणाऱ्या कंपनीकडे नुस्खा नसतो, कारण तो वैद्याकडे असतो. आणि मालाच्या दर्जाचे प्रमाणही तिच्या हातात नसते, कारण ते चीनच्या औषधकोशात छापलेले असते. तिच्या हातात तीन गोष्टी असतात: कच्चा माल कोणाकडून आणि कधी घ्यायचा, किती प्रकार करायचे आणि पैसे किती दिवसांनी परत यायचे. या कंपनीत तिन्ही गोष्टी एकाच वेळी बिघडल्या होत्या आणि विक्रीचा वाढता आकडा त्यांवर पांघरूण घालत होता.

पहिली गोष्ट प्रकारांची. काप तयार करणाऱ्या कंपनीला दुसऱ्याने केलेले काप विकत घेऊन आपल्या पाकिटात भरण्यास सक्त मनाई आहे. त्यामुळे ३८० प्रकार विकायचे तर ३८० प्रकारचा कच्चा माल आणणे, त्यावर स्वतः संस्कार करणे आणि प्रत्येक लॉटची तपासणी करणे भाग असते. ३० डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या औषधकोशाने वनस्पतिजन्य औषधांसाठी ३३ प्रतिबंधित कीटकनाशकांची मर्यादा घातली. ही तपासणी करणारी यंत्रे महाग असल्याने छोट्या कंपन्या नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवतात. तपासणीचा खर्च किलोमागे नव्हे, लॉटमागे येतो; चार टन बाईशाओला जेवढा, जवळपास तेवढाच वर्षातून दोनदा लागणाऱ्या चाळीस किलो सालीला. रुग्णालयाला मात्र दोन्हींचा भाव किलोवर द्यायचा असतो. हा हिशेब कंपनीने सात वर्षांत एकदाही मांडला नव्हता. पडतळ, म्हणजे किलोमागे पडणारा खर्च, काढताना तपासणीचा सगळा खर्च एकत्र करून तो एकूण किलोंवर वाटला जात होता, त्यामुळे खपणारा माल महाग दिसत होता आणि न खपणारा स्वस्त.

दुसरी गोष्ट वसुलीची. बोझोऊच्या बाजारात कच्चा माल रोखीने किंवा फार तर पंधरा दिवसांच्या उधारीवर मिळतो. तो गोदामात व कारखान्यात सरासरी १५० दिवस राहत होता आणि रुग्णालयांकडून पैसे यायला सरासरी २४० दिवस लागत होते. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात ठेवलेला एक युआन कंपनीच्या हातात परत यायला ३७५ दिवस लागत. जितकी विक्री वाढे तितका पैसा अडके, आणि तो भरून काढण्यासाठी बँकेचे व नातेवाइकांचे कर्ज वाढे. १ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार सरकारी कार्यालये आणि संस्थांनी छोट्या-मध्यम उद्योगांचे पैसे माल मिळाल्यापासून ३० दिवसांत, करारात वेगळी मुदत असल्यास जास्तीत जास्त ६० दिवसांत द्यायचे आहेत. नियम कंपनीच्या बाजूचा होता. पण ज्या रुग्णालयावर वर्षाची विक्री अवलंबून, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? आपल्याकडे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे, आणि आयुर्वेदिक औषधांच्या छोट्या उत्पादकांना हा प्रश्न समजावून सांगावा लागू नये.

तिसरी गोष्ट खरेदीची. पूर्वी वडील स्वतः बाजारात फिरत आणि शिफू सोबत असत. प्रकार वाढल्यावर ते जमेना. खरेदी संचालिकाबाईंच्या आतेभावाकडे गेली, आणि फोनवर आलेली छायाचित्रे पाहून सौदे होऊ लागले.

२०२३ सालचे वर्ष

२०२३ मध्ये चीनमध्ये काष्ठौषधींचे भाव झपाट्याने वाढले. दांगग्वे, दांगशेन, बाईझू यांसारख्या रोजच्या वापरातल्या मुळांचे भाव अशा वेगाने चढले की बाजारात सकाळी ठरलेला सौदा दुपारी फिरवला जाई. रुग्णालयांशी केलेले करार वर्षभराच्या ठरलेल्या दराचे होते आणि त्यांत भाववाढीचे कलम नव्हते. कंपनी दर महिन्याला काही प्रकार तोट्यात विकत होती. थांबवले तर करारभंग, आणि चालू ठेवले तर प्रत्येक गोणीमागे तोटा.

अशा वेळी ऑक्टोबरमध्ये एका नव्या व्यापाऱ्याकडून ३.२ टन बाईशाओ बाजारभावापेक्षा कमी दरात मिळाले. किंमत सुमारे सव्वा लाख युआन होती. छायाचित्रात मुळे सुंदर, पांढरीशुभ्र दिसत होती. माल आला, मुरवला गेला आणि कापलाही गेला. शिफू त्या आठवड्यात रजेवर होते. परतल्यावर त्यांनी सुकत घातलेला एक काप उचलून मोडला, नाकाशी धरला आणि जिभेला लावला. बाईशाओ किंचित कडू आणि आंबट असते. या कापाची आंबट चव टोचरी होती आणि तिच्यामागे जळक्या काडीसारखा वास होता. ‘हे मूळ पांढरे नाही, पांढरे केलेले आहे,’ एवढेच ते म्हणाले आणि प्रयोगशाळेत गेले.

गंधकाची धुरी दिली की मुळे पांढरी राहतात, त्यांना कीड व बुरशी लागत नाही आणि ओलसर माल साठवता येतो. म्हणून ही वाईट सवय अजूनही सुटलेली नाही. औषधकोशात सल्फर डायऑक्साइडची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे १५० मिलिग्रॅम आहे आणि बाईशाओसह मोजक्या औषधींसाठी ती ४०० आहे. या लॉटमध्ये ६१० मिलिग्रॅम निघाले. शिवाय धुरीतील गंधकाची संयुगे बाईशाओच्या मुख्य घटकाशी, पिओनिफ्लोरिनशी, अभिक्रिया करून त्याचे प्रमाण घटवतात. कापात हा घटक किमान १.२ टक्के असावा लागतो. येथे तो जेमतेम तेवढाच भरला.

निर्णयाचा दिवस

दोन रुग्णालयांना नऊ दिवसांत माल द्यायचा होता. गोदामात जुन्या, चांगल्या बाईशाओचा साडेतीन टनांचा साठा होता, पण तो इतर ग्राहकांसाठी बांधलेला होता. त्या मालात सल्फर डायऑक्साइड ९० मिलिग्रॅम होते.

आतेभावाने बैठकीत हिशेब मांडला. ‘ताई, दोन्ही माल निम्मे-निम्मे मिसळले तर आकडा साडेतीनशेवर येतो. मर्यादेच्या आत आहे. कोणाला काही दिसणार नाही.’

संचालिकाबाईंनी थोडा वेळ घेतला आणि विचारले, ‘आणि पुढच्या वेळी मिसळायला चांगला माल कुठून आणायचा?’

या प्रश्नात नीतीइतकाच व्यवहारही होता, असे मला वाटते. १ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित औषध कायद्यानुसार निकृष्ट औषध तयार केल्यास किंवा विकल्यास मालाच्या किमतीच्या दहा ते वीसपट दंड होतो, आणि माल एक लाख युआनपेक्षा कमी किमतीचा असला तरी तो एक लाखाचा धरला जातो. निकृष्ट ठरून या कलमाखाली कारवाई झाली असती, तर सव्वा लाखाच्या या लॉटसाठी किमान दंड साडेबारा लाख युआन झाला असता, म्हणजे २०२२ च्या पूर्ण वर्षाच्या नफ्याहून अधिक. तरीही हा लॉट खपून जाण्याची शक्यता पकडला जाण्यापेक्षा जास्त होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. बाईंनी मिसळण्यास नकार दिला, संपूर्ण लॉट नोंद ठेवून नष्ट केला, आणि जुना साठा ज्यांनी आधी मागितला होता त्यांनाच दिला. दोन रुग्णालयांपैकी एकाने करार रद्द केला. वर्षअखेरीस कंपनीला ३८ लाख युआनचा तोटा झाला.

कोणते पर्याय तपासले

जानेवारी २०२४ मध्ये एका निवृत्त हिशेबनिसांना तीन महिन्यांसाठी बोलावण्यात आले. त्यांनी प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र पडतळ काढून ३८० ओळींचा तक्ता भिंतीवर लावला. ४१ प्रकारांतून ८० टक्के विक्री होत होती. तळाच्या दोनशे प्रकारांतून केवळ ४ टक्के विक्री होत होती आणि तपासणीच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग तेच खात होते. त्या तक्त्यासमोर उभे राहून पुढील पर्यायांवर चर्चा झाली.

आतेभावाचे मत आणखी मोठे होण्याचे होते. २०२३ मध्येच शानडोंग प्रांताच्या पुढाकाराने अनेक प्रांतांनी मिळून २१ प्रकारच्या कापांची सामूहिक खरेदी केली होती. अशा निविदांत उतरून भाव पाडायचा आणि प्रमाणावर कमवायचे, असा त्यांचा विचार होता. परंतु एवढ्या पुरवठ्याची हमी द्यायची तर आधी कच्चा माल विकत घ्यावा लागतो, आणि त्यासाठीचे खेळते भांडवल तर आधीच रुग्णालयांच्या वह्यांत अडकले होते. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

काढ्याच्या कापांऐवजी पाण्यात विरघळणारे तयार दाणे करण्याचा पर्याय वडिलांना आकर्षक वाटत होता. या दाण्यांचे उत्पादन पूर्वी मोजक्या प्रायोगिक कंपन्यांपुरते मर्यादित होते. नोव्हेंबर २०२१ पासून ते खुले झाले. मात्र प्रत्येक प्रकारासाठी मान्य प्रमाण, नोंदणी, अर्क काढण्याची व सुकवण्याची यंत्रणा असे सगळे लागते. कर्जात असलेल्या कंपनीने त्याचा विचार न करणेच शहाणपणाचे होते.

शेवंतीच्या चहाचा पर्याय आधीच करून झाला होता. शेवंती ही चीनमध्ये अन्न आणि औषध अशा दोन्ही याद्यांत असल्याने ती ऑनलाइन विकता येते. २०२२ मध्ये सुंदर डबे करून ती विक्रीस ठेवली होती. विक्री झाली, पण जाहिरातीचा आणि परत आलेल्या डब्यांचा खर्च वजा जाता हातात काही उरले नाही. काप करणाऱ्यांना डबे विकण्याचा धंदा येत नव्हता.

चौथा पर्याय परवाना आणि कारखाना एखाद्या मोठ्या कंपनीला विकण्याचा होता. एक गिऱ्हाईकही आले होते. त्यांनी सांगितलेल्या रकमेत कर्ज फिटत होते आणि त्यापलीकडे फारसे काही उरत नव्हते.

पाचवा पर्याय आकसण्याचा होता, आणि तो सुचवला हिशेबनिसांनी. प्रकार कमी करायचे, उशिरा पैसे देणारी रुग्णालये सोडायची, बाईशाओ आणि आणखी काही मुळांमध्ये मुळापासून लक्ष घालायचे आणि छोट्या दवाखान्यांकडे वळायचे. २०१७ नंतर नोंदणीची वाट मोकळी झाल्याने असे दवाखाने शेजारच्या शहरांतही वाढले होते. त्यांना ३८० प्रकार लागत नाहीत, ते माल थोडा घेतात, पण पैसे हातोहात किंवा महिन्याभरात देतात आणि मालाची प्रत वैद्य स्वतः हातात घेऊन पाहतो.

काय केले

मार्च २०२४ पासून पाचव्या पर्यायाची अंमलबजावणी सुरू झाली. प्रकार टप्प्याटप्प्याने ९६ वर आणले. उरलेल्या दहा रुग्णालयांसमोर नवा प्रस्ताव ठेवला: ९० दिवसांत पैसे आणि कच्च्या मालाचा भाव ठरावीक मर्यादेपलीकडे हलला तर दराची फेरतपासणी. चार रुग्णालयांनी तो मान्य केला, सहांनी दुसरा पुरवठादार पाहिला. जुन्या थकबाकीसाठी हप्ते ठरवून घेतले आणि त्या वसुलीसाठी बाई दर महिन्याला स्वतः जाऊ लागल्या.

शिफूंच्या सहीशिवाय कच्च्या मालाचा एकही सौदा पूर्ण होणार नाही, असा लेखी नियम झाला. छायाचित्रावर सौदा ठरला तरी नमुना हातात येऊन मोडून, हुंगून, चाखून पाहिल्याशिवाय आणि त्यानंतर प्रयोगशाळेचा आकडा आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. शिफूंची जीभ आणि प्रयोगशाळेचे यंत्र यांत मतभेद झाला तर यंत्राचा शब्द अखेरचा. परंतु यंत्राकडे काय पाठवायचे हे जीभ ठरवते आणि त्यामुळे तपासणीचा खर्चही घटला.

दोन गावांतील २७ कुटुंबांशी बाईशाओच्या लागवडीचा करार केला. क्षेत्र सुमारे ३०० मू, म्हणजे आपल्या हिशेबाने पन्नासेक एकर. मुळे उकळणे, सोलणे आणि सुकवणे हे काम शेतकऱ्यांच्या अंगणातच होते आणि गंधकाची धुरीही तिथेच लागते, कारण काढणीच्या काळात पाऊस आला की ओली मुळे वाचवण्याचा तोच स्वस्त मार्ग असतो. म्हणून कंपनीने दोन्ही गावांत गरम हवेची सुकवणी यंत्रे बसवून दिली. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत नेमका खर्च हाच होता. ‘धुरी देऊ नका’ असे करारात लिहिणे सोपे असते. पाऊस पडत असताना शेतकऱ्याने दुसरे काय करावे, याचे उत्तर त्या यंत्राने दिले.

परिणाम

२०२४ मध्ये विक्री २ कोटी ९० लाख युआनवर उतरली आणि बुडीत येणी वजा केल्यावर ६ लाखांचा तोटा झाला. माणसे ८८ वरून ६१ झाली. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत मात्र ८ लाखांचा नफा झाला. पैसा परत येण्याचा काळ ३७५ दिवसांवरून १९० दिवसांवर आला आणि बँकेचे कर्ज निम्म्याने कमी झाले. दवाखान्यांचा विक्रीतील वाटा, जो पूर्वी नगण्य होता, एक तृतीयांशाच्या वर गेला. मिळणारा भाव रुग्णालयांपेक्षा फार जास्त नाही. फरक पैसे लवकर येण्याने पडला.

एक नियम अनपेक्षितपणे कंपनीच्या पथ्यावर पडला. १ ऑगस्ट २०२४ पासून यिनप्येनच्या वेष्टनावरील मजकुराचे नवे नियम लागू झाले आणि वर्षभरानंतर टिकण्याची मुदत छापणेही सक्तीचे झाले. ज्यांच्या गोदामात न खपणारे शेकडो प्रकार पडून होते, त्यांचा साठा या तारखेमुळे उघड तोटा ठरू लागला. या कंपनीचे गोदाम तोवर बरेचसे मोकळे झाले होते.

काय वेगळे करता आले असते

प्रकारनिहाय पडतळ २०१८ मध्येच काढता आली असती. त्यासाठी सल्लागार, संगणकप्रणाली किंवा कर्ज लागत नव्हते. एक वही आणि तपासणीची बिले पुरेशी होती. ती काढली असती तर अकरा रुग्णालयांपैकी निदान निम्मे करार झालेच नसते.

भाववाढीचे कलम मागण्याची भीती अनाठायी निघाली. २०२४ मध्ये चार रुग्णालयांनी ते मान्य केले, म्हणजे मागितले असते तर आधीही काहींनी केले असते. संचालिकाबाई याबद्दल स्वतःला जबाबदार धरतात.

कामगार कमी करण्याची पद्धत मला खटकते. २७ माणसांना एका महिन्याच्या सूचनेवर जावे लागले, आणि त्यांत पाकिटे भरणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या बायका जास्त होत्या. प्रकार टप्प्याटप्प्याने कमी होणार हे मार्चमध्येच ठरले होते; माणसांनाही तेव्हाच सांगता आले असते. काहींना सुकवणीच्या कामावर गावांत पाठवण्याचा विचार नंतर झाला आणि त्यानुसार पाच जणी परतल्या. तो विचार आधी झाला असता तर आणखी काही जणींची रोजी वाचली असती.

सोडलेल्या सहा रुग्णालयांपैकी एक तालुक्याचे रुग्णालय होते. तेथील पैसे उशिरा येत, पण कधी बुडाले नव्हते, आणि तेथील म्हातारे रुग्ण याच कंपनीच्या कापांचे काढे वर्षानुवर्षे घेत होते. या एका ठिकाणी १५० दिवसांची मुदत देऊन मोजके ४० प्रकार चालू ठेवता आले असते, असे माझे मत आहे. संचालिकाबाईंना ते मान्य नाही. एकाला सवलत दिली की बाकीचे चार जण तीच मागतात, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यांच्या जागी बसल्याशिवाय ते चूक म्हणता येत नाही.

शेतकऱ्यांशी झालेला करार एकाच बाजूने बांधलेला आहे. त्यात हमीभाव आहे, पण बाजार चढला तर वाढीव भावाची वाटणी कशी करायची ते नाही. सध्या भाव उतरलेले असल्याने कंपनी बाजारापेक्षा जास्त देते आणि शेतकरी खूश आहेत. भाव चढल्यावर ते माल बाहेर विकतील की नाही, याची परीक्षा अजून व्हायची आहे. बाईशाओ लावल्यापासून काढणीपर्यंत तीन ते चार वर्षे जातात. एवढ्या काळात बाजार दोनदा फिरू शकतो.

हे टिपण लिहिताना २७ पैकी नऊ कुटुंबे पुढच्या लागवडीऐवजी मका घेण्याच्या विचारात आहेत. लागवड शरद ऋतूत होते, जुन्या झाडाचे कोंब वेगळे करून. हमीभावात वाढीची वाटणी घालणारा दुरुस्त मसुदा तयार आहे, हिशेबनिसांनी तो तपासून दिला आहे आणि संचालिकाबाई शिफूंना बरोबर घेऊन त्या नऊ घरी एकेक करून जात आहेत. आतापर्यंत चार घरे झाली आहेत. दोघांनी होकार दिला आहे.